लोडसेलचा काटा बसवायचाय? बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या नवशिक्यांसाठी

‘अण्णा, आकडा पळूलालाय, लोडसेल गेला वाटतं.’ काट्याच्या कामात असलेल्या माणसाला येणारे बहुतेक फोन असेच सुरू होतात. जाऊन बघावं तर लोडसेल ठणठणीत असतो आणि प्लॅटफॉर्मखाली उसाचं पाचट, गुळाची चिकट किंवा रताळ्याची माती अडकलेली असते. हा लेख उद्यमबाग-मच्छे भागात नव्याने कामाला लागलेल्या आयटीआय-डिप्लोमाच्या मुलांसाठी आहे. गुऱ्हाळ, गोदाम किंवा काजूच्या कारखान्यासाठी स्वतःचा काटा उभा करू पाहणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल. उदाहरण म्हणून ५०० किलोचा, चार लोडसेलचा प्लॅटफॉर्म काटा घेतो. तो जमला की बाकीचे अवघड जात नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगतो. त्या काट्यावर तोलून कुणाला पैसे देणार किंवा कुणाकडून घेणार असाल, तर थेट पायरी ९ वाचा आणि मगच खरेदीला निघा. घरी जोडलेला काटा फक्त आतल्या वापरासाठी: किती माल भट्टीवर गेला, किती उतरला, एवढ्यापुरता.

१. लोडसेल नक्की काय मोजतो

लोडसेल वजन मोजत नाही, जोर मोजतो. धातूचा एक ठोकळा असतो, पोलादाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा. त्यावर भार आला की तो डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो किंवा पिळला जातो. ज्या जागी हा ताण सर्वांत जास्त असतो तिथे पातळ धातूच्या नागमोडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या म्हणजे स्ट्रेन गेज. रबर ताणलं की लांब आणि बारीक होतं, तसंच या पट्टीचं होतं, आणि लांब-बारीक झालेल्या तारेचा विद्युतरोध वाढतो. दाबली गेली तर कमी होतो.

वाढतो म्हणजे किती? गेज ३५० ओहमचा असेल तर पूर्ण भाराखाली फरक पडतो जेमतेम ०.७ ओहमचा. एवढासा बदल सरळ मोजायला गेलो तर उन्हाने तापलेली तारही तेवढाच बदल दाखवेल. म्हणून चार गेज चौकोनात जोडतात. भार आला की दोन ताणले जातात, दोन दाबले जातात. तापमानाने चारही सारखेच बदलतात, त्यामुळे तो बदल आपोआप वजा होतो आणि भाराचा तेवढा उरतो. ही जोडणी म्हणजे व्हीटस्टन ब्रिज. व्हीटस्टनने ती १८४३ मध्ये लोकांसमोर आणली, पण मूळ कल्पना सॅम्युएल ख्रिस्टीची, दहा वर्षं आधीची. चिकटवायचा स्ट्रेन गेज मात्र १९३८ चा. सिमन्स आणि रूज या दोन अमेरिकन माणसांना तो वेगवेगळा सुचला.

लोडसेलवर ‘२ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा: इंडिकेटरने (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याने) सेलला ५ व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला सेल १० मिलिव्होल्ट परत देणार. आपल्या काट्यात ५०० किलोचे चार सेल समांतर जोडलेले आहेत, म्हणजे १० मिलिव्होल्ट २००० किलोला. एका किलोला ५ मायक्रोव्होल्ट. २०० ग्रॅमला फक्त १ मायक्रोव्होल्ट. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. पुढे ओलावा, सैल स्क्रू आणि खराब सोल्डरिंगबद्दल जी कटकट केली आहे ती याच आकड्यापायी.

२. कुठला सेल, किती क्षमतेचा

दुकानातल्या छोट्या टेबल-काट्यात एकच सेल मधोमध असतो, त्याला सिंगल पॉइंट म्हणतात. क्रेनला किंवा हॉपरला टांगून तोलायचं असेल तर इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा. ट्रकच्या वजनकाट्याखाली उभे, दंडगोल सेल किंवा दोन्ही टोकांना टेकलेले बीम असतात. आपल्या प्लॅटफॉर्मला शिअर बीम हवा: एक टोक बोल्टने घट्ट, दुसऱ्या टोकाला पाय.

क्षमतेत नवशिके हमखास चुकतात. ५०० भागिले ४ म्हणजे १२५, म्हणून दीडशे किलोचे सेल आणतात. पण प्लॅटफॉर्मचं स्वतःचं वजन धरलेलं नसतं. शिवाय हमाल पोतं अलगद ठेवत नाही, खांद्यावरून टाकतो, आणि तेही जवळच्या कोपऱ्यावर. त्या क्षणी जवळजवळ सगळा भार एकाच सेलवर येतो. म्हणून ५०० किलोच्या काट्याला प्रत्येकी ५०० किलोचे सेल. उलट फार मोठे, टनाटनाचे सेल घेतले तर एका किलोला मिळणारे मायक्रोव्होल्ट घटतात आणि आकडा स्थिर राहत नाही.

चारही सेल एकाच कंपनीचे, एकाच क्षमतेचे आणि एकाच संवेदनशीलतेचे घ्या. जुन्या काट्यातून काढलेले तीन आणि एक नवा, असला संसार टिकत नाही.

३. लागणारं सामान

- चार शिअर बीम लोडसेल, पायांसकट, आणि त्यांचे चाचणी-कागद (फेकू नका, पायरी ४ मध्ये लागतात)
- जंक्शन बॉक्स (चारही सेलच्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा), कोपरे जुळवायच्या ट्रिमपॉटसह (स्क्रूसारखे फिरवायचे छोटे रोध), झाकणाला रबरी सील असलेला
- इंडिकेटर
- शिल्ड (वायरींभोवती धातूची जाळी) असलेली केबल, केबल ग्लँड (केबल डब्यात शिरते तिथली घट्ट बूच), फेरूल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी)
- मल्टिमीटर, २०० मिलिव्होल्टची रेंज असलेला
- स्पिरिट लेव्हल, टॉर्क पाना, जाड व्हिजिटिंग कार्ड
- २० किलोची मुद्रांकित (सरकारी मुद्रा मारलेली) वजनं, निदान आठ. जास्त मिळाली तर उत्तम

वजनं विकत घेऊ नका, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून भाड्याने आणा. शिकण्यापुरतं काही करायचं असेल तर बाजारात एचएक्स ७११ नावाची २४ बिटची छोटी चिप मिळते. ती सेकंदाला १० किंवा ८० वाचनं देते. घरच्या प्रयोगाला छान, पण गोदामात लावायला नको.

४. बसवण्याआधी मल्टिमीटर लावा

नवा सेलसुद्धा तपासल्याशिवाय बसवायचा नाही. वाहतुकीत पडलेला सेल बाहेरून चकचकीतच दिसतो.

सेलमधून चार वायरी येतात: दोन वीज देणाऱ्या (एक्सायटेशन), दोन सिग्नलच्या. बऱ्याच कंपन्यांत लाल-काळी एक्सायटेशनची आणि हिरवी-पांढरी सिग्नलची असते, पण सगळ्यांत नाही. रंगावर विश्वास ठेवू नका, चाचणी-कागद बघा. कागद नसेल तर ओहम मोजा. चार वायरींच्या सहा जोड्या होतात. सर्वांत मोठा आकडा, साधारण ४०० ओहमच्या आसपास, बहुधा एक्सायटेशनच्या जोडीत येतो. उरलेल्या दोन वायरींत ३५० च्या जवळ, ती सिग्नलची जोडी. मग एक्सायटेशनच्या एका वायरीपासून दोन्ही सिग्नल वायरींपर्यंत मोजा. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. दुसऱ्या एक्सायटेशन वायरीपासूनही तसंच. एक आकडा वेगळा आला तर आतला एखादा गेज गेला.

पुढे शून्याची परीक्षा. सेल मोकळा ठेवून ५ व्होल्ट द्या आणि सिग्नलवर मिलिव्होल्ट मोजा. चांगला सेल ०.१ मिलिव्होल्टच्या आत असतो. काहीही न ठेवता १ मिलिव्होल्ट किंवा जास्त दाखवला, तर तो कधीतरी क्षमतेबाहेर दाबला गेला आहे आणि कायमचा वाकला आहे. इंडिकेटरवर टेअर मारून (बटणाने आकडा शून्य करून) हा पासंग झाकता येतो. झाकू नका, सेल बदला.

तिसरी परीक्षा वायर आणि सेलच्या धातूमधली. मल्टिमीटरच्या सर्वांत मोठ्या ओहम रेंजवर काहीच दिसायला नको. आकडा दिसला तर आत पाणी गेलंय. काही जण इथे मोटर तपासायचा ५०० व्होल्टचा मेगर लावतात. त्याने चांगला सेलही जातो.

५. सांगाडा आणि मोकळीक

इथे घाई करू नका, बाकी कुठे केली तरी चालेल.

वेल्डिंग सगळं आधी संपवा. सेलच्या जागी तेवढ्याच उंचीचे लोखंडी तुकडे लावून सांगाडा जोडा आणि शेवटी ते काढून सेल बसवा. सेल लागलेल्या सांगाड्यावर वेल्डिंग केलं तर करंट परतीची वाट सेलमधूनही शोधतो आणि गेज जळतो. नंतर कधी एखादा कोन लावायचाच असेल तर सेल काढा. ते शक्यच नसेल तर अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी लावा, प्रत्येक सेलला बगल देणारी तांब्याची जाड पट्टी बांधा आणि इंडिकेटरची वायर सोडवून ठेवा.

सेलचं घट्ट टोक जिथे बसतं ती जागा सपाट आणि जाड हवी. मध्ये पॅकिंग प्लेट द्या, म्हणजे मोकळं टोक सांगाड्याला घासणार नाही. रंगावर बोल्ट आवळू नका. रंग दबत जातो आणि काटा महिनाभर सरकत राहतो. बोल्ट टॉर्क पान्याने, कागदावर दिलेल्या मापाने. सेलच्या अंगावर बाण असतो, तो मोकळ्या टोकावर जोर कुठल्या दिशेने येणार ते दाखवतो. पायावर उभ्या काट्यात जमीन त्या टोकाला वर ढकलते, म्हणून बाण वर. एक सेल उलटा बसला तर तो कोपरा भार मिळवण्याऐवजी वजा करतो. वजन मधोमध ठेवलं की निम्मंच दिसतं, आणि माणूस दिवसभर इंडिकेटरशी झगडत बसतो.

आता मोकळीक. पूर्ण भाराखालीही शिअर बीम एक मिलिमीटरसुद्धा झुकत नाही. एवढ्या हालचालीला कुठेही अडथळा आला, की आलेल्या जोरातला काही भाग त्या अडथळ्यातून जमिनीत जातो आणि सेलपर्यंत पोचतच नाही. काटा कमी दाखवतो. भार काढल्यावर अडकलेला भाग पूर्ण सुटत नाही, म्हणून शून्यावरही येत नाही. काटा खड्ड्यात असेल तर चारी बाजूंच्या फटीत व्हिजिटिंग कार्ड उभं घालून पूर्ण फिरवा. कार्ड जिथे अडलं तिथे दोष. गुऱ्हाळात काकवीचे थेंब फटीत सुकून दगड होतात, त्यावर पाचटाची एक काडी बसली की काम झालं. रताळ्याच्या गोदामात माती, फाउंड्रीत वाळू. चढ-उताराची पाटी प्लॅटफॉर्मला टेकलेली नको. केबलही ताणलेली नको, ताणलेली केबल म्हणजे उलट ओढणारी दोरी. जवळून जाणाऱ्या पाइपाला प्लॅटफॉर्म टेकत नाही ना, हेही बघा.

शेवटी चार पायांची कटकट. चार पायांचं काहीही जमिनीवर सारखं टेकत नाही. एका कोपऱ्याखाली कागद सहज सरकला तर तो पाय नुसता उभा आहे, भार घेत नाही. पायाच्या आट्यांनी उंची जुळवा, लेव्हल बघा, चारही कागद घट्ट धरले गेले की चेक-नट आवळा.

६. वायरिंग

सेलची स्वतःची केबल कापू नका. चार वायरींच्या सेलची तापमानाची भरपाई त्या लांबीसकट केलेली असते. उरलेली केबल गुंडाळून जंक्शन बॉक्सजवळ बांधा. जंक्शन बॉक्सपासून इंडिकेटर लांब असेल तर सहा वायरींची केबल घ्या. जादा दोन वायरी सेलपर्यंत खरोखर किती व्होल्ट पोचले ते इंडिकेटरला कळवतात. शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा. मोटरच्या केबलसोबत एकाच पाइपातून वायर नेऊ नका, नाहीतर क्रशर चालू झाला की आकडा नाचतो. जंक्शन बॉक्सच्या ग्लँडचं तोंड खाली, आत सिलिका जेलची पुडी.

७. आधी कोपरे

पुष्कळ जण थेट कॅलिब्रेशनला (ठाऊक भार ठेवून आकडा जुळवायला) हात घालतात आणि मग कोपरे जुळवतात. त्याने कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं.

इंडिकेटर चालू करून अर्धा तास तापू द्या. क्षमतेच्या एक तृतीयांश भार घ्या, आपल्यासाठी २० किलोची आठ वजनं, म्हणजे १६० किलो. ती एका कोपऱ्यावर ठेवा, आकडा लिहा, मग पुढचा कोपरा. सर्वांत कमी दाखवणारा कोपरा तसाच ठेवा आणि जास्त दाखवणारे ट्रिमपॉटने त्याच्यापर्यंत खाली आणा. एक हलवला की दुसरे थोडे हलतात, त्यामुळे दोन-तीन फेऱ्या होतात. एखादा कोपरा बाकीच्यांपेक्षा फारच वेगळा असेल तर ट्रिमपॉट फिरवत बसू नका. पायरी ५ कडे परत जा, तिथे काहीतरी टेकलेलं आहे.

८. मग कॅलिब्रेशन

प्लॅटफॉर्म रिकामा करून शून्य द्या, मग ठाऊक असलेला भार ठेवून आकडा भरा. भार क्षमतेच्या निम्म्याहून जास्त असला तर बरं. २० किलोच्या एका वजनावर ५०० किलोचा काटा लावणं म्हणजे चूक पंचवीस पटीने वाढवणं. वजनं कमी असतील तर पोत्यांनी साथ घ्या: १६० किलोवर कॅलिब्रेट करा, वजनं उतरवा, तोच आकडा येईपर्यंत पोती रचा, मग त्यांच्यावर पुन्हा १६० किलो ठेवा. ३२० दिसायला हवेत. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं म्हणून ते वजनाच्या जागी ठेवू नका. छापलेला आकडा आणि पोत्यातला माल यांचं नातं फार सैल असतं.

किती चूक चालते? आपला काटा २०० ग्रॅमच्या भागाचा (आकडा २०० ग्रॅमच्या टप्प्याने बदलणारा), अचूकतेच्या तिसऱ्या वर्गाचा धरला, तर पडताळणीच्या वेळी १०० किलोपर्यंत १०० ग्रॅम, ४०० किलोपर्यंत २०० ग्रॅम, त्यापुढे ३०० ग्रॅम. वापरात असताना याच्या दुप्पट. आणि ४ किलोच्या खाली त्यावर काही तोलू नका.

कॅलिब्रेशन काटा जिथे राहणार तिथेच करा. लोडसेल जोर मोजतो आणि गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही. बरेच काटे गुजरातेतल्या सावरकुंडल्याहून येतात. बेळगाव तिथून दक्षिणेला आणि साडेसातशे मीटर उंचीवर, त्यामुळे इथे किलोमागे अदमासे अर्धा ग्रॅम कमी भरतं. ५०० किलोवर तो फरक पाव किलोच्या जवळ जातो, म्हणजे काट्याच्या एका भागाहून जास्त. ‘फॅक्टरी कॅलिब्रेटेड’ची चिठ्ठी बघून हे काम टाळू नका.

९. व्यापारासाठी काटा वापरायचा असेल तर

इथे २००९ चा वैधमापन कायदा लागू होतो. मॉडेलला मान्यता असलेलाच काटा घ्यायचा, परवानाधारकाकडूनच घ्यायचा आणि दर १२ महिन्यांनी पडताळणी करून मुद्रा मारून घ्यायची. काट्याच्या पाटीवर कमाल आणि किमान वजन, एका भागाचं माप, वर्ग आणि मॉडेल-मान्यतेचा क्रमांक आहे ना, ते पैसे देण्यापूर्वी बघा.

सीमेवरचा खास सापळा असा. विक्रीचा आणि दुरुस्तीचा परवाना राज्यवार असतो. निपाणी-संकेश्वरच्या माणसाला कोल्हापूर जवळ पडतं, ओळखीचा मिस्त्रीही तिथलाच असतो. पण महाराष्ट्राचा परवाना असलेला मिस्त्री कर्नाटकातल्या काट्याची दुरुस्ती करून सील बसवू शकत नाही. आधी त्याचा परवाना कुठल्या राज्याचा आहे ते विचारा. दुरुस्तीसाठी सील तोडलं की वर्ष संपलेलं नसलं तरी पडताळणी पुन्हा करावी लागते.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- काट्याचं बिल
- मॉडेल-मान्यतेचा क्रमांक, पाटीच्या फोटोसह
- मागचं पडताळणी प्रमाणपत्र
- दुरुस्ती झाली असल्यास परवानाधारकाची पावती
- शुल्काची पावती

ऑफिसच्या पाटीवर ‘कानूनु मापनशास्त्र इलाखे’ लिहिलेलं असतं, ते हेच खातं. दुकानाचं नाव आणि पत्ता सगळ्या कागदांवर एकसारखा लिहा. बिलावर ‘बेळगाव’, अर्जावर ‘बेळगावी’ आणि गल्लीचं नाव तीन तऱ्हांनी, असं झालं की उगाच हेलपाटे. नवं प्रमाणपत्र मिळाल्यावर ते काट्याजवळ दिसेल असं लावा. कपाटात ठेवलेलं प्रमाणपत्र तपासणीला आलेल्या माणसाच्या लेखी नसल्यासारखंच.

१०. वळीव आणि पावसाळा

एप्रिल-मेच्या वळवात वीज कडाडायला लागली की इंडिकेटरचा प्लग काढा आणि लोडसेलची केबलही सोडवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जवळ पडलेल्या विजेचा झटका केबलमधून येतो. प्लॅटफॉर्मला स्वतंत्र अर्थिंग द्या.

खानापूर-जांबोटीकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. सेल आयपी ६७ दर्जाचा (धूळ-पाणी आत न जाणारा) घेतला तरी पाणी शिरतं ते जंक्शन बॉक्समधून. सकाळी आकडा सरकतो, दुपारी ऊन पडलं की आपोआप सुधारतो, असं दिसलं तर आधी ते झाकण उघडा. पुडी बदला, टर्मिनल स्पिरिटने पुसा, सुकवा. मग एकेक सेल सोडवून कुठला सोडवल्यावर आकडा थांबतो ते बघा. उंदराने केबल कुरतडली असेल तर ती टेप लावून भागणार नाही. केबल लोखंडी पाइपातून न्या आणि पाइपाची तोंडं जाळीने बंद करा.

महिन्यातून एकदा प्लॅटफॉर्म उचलून खालचं झाडून काढा. पाण्याचा पाइप मात्र सेलवर मारू नका.